हसवणारा मास्तर आणि दोन लेकी

मैत्रिणींनो, टीव्हीवर दुपारी जुना हिंदी सिनेमा लागला आणि त्यात नंदा दिसली, की घरातल्या मोठ्या बायका हातातली भाजीची ताटली बाजूला ठेवतात. 'छोटी बहन'मधली आंधळी बहीण, 'भाभी', 'जब जब फूल खिले'... ही नंदा मूळची आपली मराठी, कोल्हापूरची, हेही बहुतेकींना ठाऊक असतं. पण तिचे वडील कोण, असं विचारलं तर वाशीम काय, कारंजा काय, रिसोड काय, आपल्यातल्या फार थोड्या जणी पटकन नाव सांगतील.

ते होते मास्टर विनायक. विनायक दामोदर कर्नाटकी. एके काळी महाराष्ट्रात हे नाव घराघरांत होतं. सिनेमा नुकताच बोलायला लागला होता, आणि बोलत कोण होते? तर देव, राजे नि ऋषी! त्यांच्या गर्दीत या माणसानं साध्या कारकुनाला, लग्नाळू पोराला आणि भाषणं ठोकणाऱ्या पुढाऱ्याला पडद्यावर आणलं आणि लोकांना पोट धरून हसवलं. आज ते विनोदी बोलपट कुणी फारसे बघत नाही. नावं निघतात, पण बघितले कुणी? म्हणूनच आज त्यांच्याविषयी लिहायचं ठरवलं.

विनायकरावांचा जन्म १९ जानेवारी १९०६ चा, कोल्हापूरचा. त्या गावाची हवाच सिनेमाची. बाबूराव पेंटरांनी तिथे मूकपट काढले, १९२९ मध्ये 'प्रभात' कंपनीही तिथेच सुरू झाली. आणि विनायकरावांच्या तर घरातच सिनेमा होता म्हणा ना! बाबूराव पेंढारकर, भालजी पेंढारकर, व्ही. शांताराम ही सगळी नात्यातली भावंडं. सख्खा भाऊ वासुदेव कॅमेरामन. विनायकरावांनी मात्र आधी काही काळ शाळेत शिकवलं. नावामागे 'मास्टर' लावायची त्या काळी नाटक-सिनेमावाल्यांत पद्धतच होती, पण यांना ते दोन्ही अर्थांनी शोभलं.

मराठीतला पहिला बोलपट १९३२ चा, प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. दुर्गाबाई खोटे त्यात तारामती, गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, आणि नारद कोण? तर आपले विनायकराव. पडद्यावर मराठी बोलणाऱ्या अगदी पहिल्या माणसांपैकी ते एक. पुढच्याच वर्षी प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला गेली. विनायकराव गावातच राहिले आणि कोल्हापूर सिनेटोन या नव्या कंपनीत शिरले. तिथे १९३५ मध्ये त्यांनी पहिला चित्रपट दिग्दर्शित केला, 'विलासी ईश्वर'. यातून एक नवी मुलगी पडद्यावर आली, शोभना समर्थ. म्हणजे नूतन आणि तनुजाची आई, काजोलची आजी. बघा, धागे कुठून कुठे जातात!

१९३६ मध्ये विनायकराव, बाबूराव पेंढारकर आणि कॅमेरामन पांडुरंग नाईक या तिघांनी मिळून 'हंस पिक्चर्स' काढली. पहिला चित्रपट 'छाया', वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा, गंभीर, डोळ्यांतून पाणी काढणारा. दुसऱ्या वर्षीचा 'धर्मवीर' आचार्य अत्र्यांनी लिहिला. धर्माचं सोंग घेऊन मिरवणाऱ्या बड्या असामीची त्यात टर उडवलेली होती. तेव्हापासून कंपनीचे जणू दोन हात झाले. एका हातात खांडेकरांचा रुमाल, दुसऱ्यात अत्र्यांची चिमटा काढणारी बोटं.

मला यात एका गोष्टीची फार गंमत वाटते. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक. अत्रे पुण्याच्या शाळेत मुख्याध्यापक राहिलेले. पुढे चिं. वि. जोशी आले, ते बडोद्याचे पालीचे प्राध्यापक. आणि दिग्दर्शक स्वतः माजी मास्तर. सिनेमा कंपनी म्हणायची की शाळेची स्टाफ रूम! पण त्यामुळेच बहुधा या विनोदाला घाणेरडेपणाचा वास कधी आला नाही. वर्गात पोरं कशी सोंगं करतात आणि ती कशी पकडायची, हे मास्तरांना बरोबर ठाऊक असतं.

आता येऊ 'ब्रह्मचारी'कडे. साल १९३८. लेखन अत्र्यांचं, संगीत दादा चांदेकरांचं. औदुंबर नावाचा एक साधा तरुण, ही भूमिका स्वतः विनायकरावांची. खोलीभर सिनेमातल्या नट्यांची चित्रं लावून बसलेला. एक दिवस देशभक्त जटाशंकरांचं ब्रह्मचर्यावरचं जोरदार व्याख्यान ऐकतो आणि याच्या अंगात वारं शिरतं. नट्यांची चित्रं फेकली, संसाराचा विचार सोडला, गेला एका संस्थेत शरीर नि मन कमवायला. आणि मग येते किशोरी. तिला हा वेडा आवडतो, आणि ती काही त्याच्या प्रतिज्ञेला भीक घालत नाही. बिचाऱ्याचं ब्रह्मचर्य पुढे किती टिकणार, हे प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. औदुंबरलाच तेवढं कळत नाही. सगळी गंमत तिथे आहे.

त्या काळात ब्रह्मचर्याची व्याख्यानं आणि बलोपासनेच्या संस्था गावोगाव होत्या. हे सगळं चूक होतं असं नाही. पण बाईकडे पाहणं म्हणजेच पाप, असं तरुण पोरांच्या डोक्यात भरवणाऱ्यांना अत्रे-विनायक जोडीनं जो चिमटा काढला, तो मला आजही फार मोलाचा वाटतो. तसल्या उपदेशात बाई म्हणजे माणूस नसतेच मुळी, ती फक्त मोह असते. इथे किशोरी हसते, बोलते, आपल्याला काय हवं ते तिला पक्कं ठाऊक आहे, आणि हसं होतं ते पळ काढणाऱ्या पुरुषाचं.

किशोरी झाल्या होत्या मीनाक्षी शिरोडकर. एका गाण्यात त्या पोहण्याचा पोशाख घालून पाण्यात उतरल्या आणि महाराष्ट्रात एकच गहजब झाला. नाकं मुरडली गेली, टीका झाली, आणि थिएटरंही भरली. त्यावर खूप लिहिलं गेलंय, पण दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. एक म्हणजे मीनाक्षीबाई तेव्हा लग्न झालेल्या होत्या, चांगल्या घरच्या सूनबाई. आणि दुसरी म्हणजे ते गाणं त्यांनी स्वतः गायलेलं आहे. तेव्हा नट-नट्यांना आपलं गाणं आपणच म्हणावं लागे. रूप हवं, अभिनय हवा आणि गळाही हवा. अशा बाईचं कौतुक नुसत्या पोशाखावर थांबावं, याचं मला वाईट वाटतं. (नम्रता आणि शिल्पा शिरोडकर या त्यांच्या नाती, हे जाता जाता.)

त्या काळी सिनेमा करणं म्हणजे काय दिव्य होतं, याची थोडी कल्पना यायला हवी. मायक्रोफोन लपवून ठेवायचा आणि नटांनी त्याच्या आसपासच वावरायचं. म्हणून त्या सिनेमांत माणसं एका जागी उभी राहून, नाटकातल्यासारखं खणखणीत बोलतात. त्यात हंसचे बरेच चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघत. 'ब्रह्मचारी'सुद्धा तसाच. म्हणजे तोच प्रसंग मराठीत एकदा, हिंदीत एकदा. विनोद एकदा करणं सोपं, बाई. तोच विनोद दुसऱ्या भाषेत, तेवढ्याच ताजेपणानं पुन्हा करून बघा!

हसवायला विनायकरावांच्या पदरी एक जोडी होती. दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग. दामुअण्णांचा डोळा तिरळा. दुसरा कुणी असता तर या व्यंगापायी सिनेमाच्या वाटेला गेला नसता. दामुअण्णांनी त्याचंच भांडवल केलं. 'ब्रह्मचारी'तही ते होते. त्यांनी नुसतं बघितलं तरी लोक हसत.

पुढच्या वर्षी, १९३९ मध्ये, आला 'ब्रँडीची बाटली'. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत दारूबंदी आली, त्यामुळे विषय अगदी गरमागरम. म्युनिसिपालिटीतला भोळा कारकून बगाराम, म्हणजे आपले दामुअण्णा. ज्या मालतीवर त्याचा जीव, तिच्या आजारी भावाला औषधापुरती ब्रँडी हवी असते. हा उत्साहानं निघतो आणायला. पण याला दारू म्हणजे काय, ती कुठे मिळते, काहीच माहीत नाही. उभ्या जन्मात बाटली बघितलेली नाही. मग त्याची जी वणवण होते, तोच सिनेमा. आपल्याकडे दारूनं उजाडलेली घरं काही कमी नाहीत. या विषयावर हसायचं म्हणजे जरा जडच जातं. पण हा सिनेमा दारुड्याला बघून हसत नाही. एका निर्मळ माणसाला या दुनियेतून फिरवून आणतो आणि सभ्य म्हणवणारे लोक त्याच्या भोळ्या डोळ्यांनी दाखवतो. मला तर तो 'ब्रह्मचारी'पेक्षाही कल्पक वाटतो.

१९४० मध्ये हंसची 'नवयुग' झाली आणि कारभार पुण्याकडे गेला. त्याच वर्षीचा 'लग्न पहावं करून'. आपल्या म्हणीतलं अर्धं वाक्य उचलून ठेवलेलं नाव! कथा चिं. वि. जोश्यांची, दामुअण्णा चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. एक चिंगळी, एक पैलवान. ज्यांनी दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ बघितलेत, त्यांना आता कळेल की ही जोडी त्याच्या जवळपास चाळीस वर्षं आधी पडद्यावर येऊन गेली होती. लग्न जमवताना दोन्ही घरांची जी तारांबळ उडते, मान-पान, रुसवेफुगवे, मध्यस्थांची लुडबुड, हे वऱ्हाडातल्या बाईला वेगळं समजवायची गरजच नाही. याच जोडीला घेऊन १९४२ मध्ये 'सरकारी पाहुणे' निघाला.

सगळंच काही गोड नव्हतं. १९४० चाच 'अर्धांगी' घ्या. एकीकडे साधी, घरगुती, देवधर्म करणारी बायको, दुसरीकडे साहेबी थाटाची आधुनिक बाई. आणि हसायचं कुणाला, तर त्या आधुनिक बाईला. ज्या माणसानं 'ब्रह्मचारी'त बाईला मोकळं हसू दिलं, त्याच्याच कंपनीनं दोन वर्षांत शिकल्या-सवरल्या बाईची खिल्ली उडवावी, हे मला पटत नाही. तेव्हाच्या प्रेक्षकांना ते आवडलं असेल. आज बघितलं तर कपाळाला आठी पडेल.

आता या गोष्टीतल्या पहिल्या लेकीकडे वळू या.

२४ एप्रिल १९४२ ला पुण्यात मास्टर दीनानाथ मंगेशकर गेले. मागे बायको आणि पाच मुलं. थोरली लता, तेव्हा तिला तेरावं चालू होतं. नाटक कंपनी केव्हाच बुडालेली. घरात पैसा नाही. मंगेशकरांच्या घराशी विनायकरावांचा घरोबा होता आणि या अवघड वेळी तेच पुढे आले. लताला नवयुगच्या 'पहिली मंगळागौर'मध्ये छोटंसं काम मिळालं. स्नेहप्रभा प्रधान त्यात नायिका होत्या. वडील जाऊन काही महिनेही झाले नव्हते आणि ही पोर रंग लावून कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. वडिलांचं दुःख करायला तिला सवडच मिळाली नाही. घराची चूल पेटती ठेवायची होती.

लवकरच विनायकराव नवयुगमधून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची 'प्रफुल्ल पिक्चर्स' काढली. तिथे लता महिन्याच्या पगारावर होती. 'माझं बाळ', 'चिमुकला संसार', 'गजाभाऊ' अशा चित्रपटांत तिनं लहानसहान कामं केली. हिंदीतलं पहिलं गाणं ती गायली, तेही 'गजाभाऊ' या मराठी चित्रपटातच. मेकअप, डोळ्यांवर येणारे दिवे, हुकमावर हसणं-रडणं हे तिला अजिबात आवडत नव्हतं, असं लताबाईंनी पुढे अनेकदा सांगितलं. पण करावं लागलं. १९४५ मध्ये कंपनी मुंबईला गेली, लताही गेली. त्या वर्षीच्या 'बडी माँ'त नायिका नूरजहाँ, आणि बारीकशा भूमिकांत लता आणि आशा. पुढे काय काय होणार होतं, ते त्या सेटवर कुणाला तरी दिसलं असेल का?

आश्रय दिला म्हणून विनायकरावांना देव करायचं कारण नाही. ती नोकरी होती, तिथे काम घेतलं जाई, पगार दिला जाई. पण विधवा बाई आणि पाच लेकरं यांच्या दारात त्या दिवसांत कोण उभं राहतं, हे आपल्यातल्या ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. बाकीचे सांत्वनाला येतात, चहा पितात आणि जातात. काम देणारा माणूस वेगळाच.

मुंबईत विनायकरावांचे दिवस ओढाताणीचेच गेले. कंपनी मोडायची, नवी उभी करायची, पुन्हा माणसं जमवायची, हे त्यांनी आयुष्यभर केलं. हंस, नवयुग, प्रफुल्ल अशा तीन कंपन्या अवघ्या सात वर्षांत! त्यात 'मंदिर' या चित्रपटाचं काम सुरू होतं. त्यासाठी त्यांनी एका लहान मुलीला कॅमेऱ्यापुढे उभं केलं. ती त्यांची स्वतःची लेक, नंदा. लताही त्या चित्रपटात होती. १९ ऑगस्ट १९४७ ला, देश स्वतंत्र होऊन चार दिवस झाले होते, मुंबईत मास्टर विनायक गेले. वय अवघं ४१. 'मंदिर' अर्धाच राहिला होता. तो इतरांनी पुरा केला आणि १९४८ मध्ये लागला.

नंदाचा जन्म ८ जानेवारी १९३९ चा. वडील गेले तेव्हा ती आठ वर्षांची. पाच वर्षांपूर्वी लताच्या घरात जे घडलं होतं, तेच आता नंदाच्या घरात घडलं. कर्ता माणूस गेला, घरात भावंडं, आणि सिनेमात काम करून पैसे आणायचे कुणी, तर लेकीनं. बेबी नंदा या नावानं ती काम करत राहिली. बाहुलीशी खेळायचं वय स्टुडिओत गेलं. १९५६ मध्ये शांतारामबापूंच्या संस्थेच्या 'तूफान और दिया'मधून ती मोठ्या भूमिकांत आली आणि मग तिचं तिनं सगळं उभं केलं. लग्न तिनं केलं नाही. २५ मार्च २०१४ ला ती गेली.

ज्याला लोक हसवणारा म्हणून ओळखत होते, त्याच्या पाठीमागच्या घरात काय चाललं होतं, याची कल्पना 'ब्रह्मचारी' बघून हसणाऱ्यांना नव्हती. असायचंही कारण नाही म्हणा.

त्यांचे सगळे बोलपट आज सहज बघायला मिळत नाहीत. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, पटकन पेट घेणारी आणि नीट ठेवली नाही तर गळून जाणारी. त्यातली चांदी काढायलाही जुन्या रिळांची विल्हेवाट लागे. पुण्याला सरकारी चित्रपट संग्रहालय झालं ते १९६४ मध्ये, म्हणजे बोलपट सुरू होऊन तीस वर्षं उलटून गेल्यावर. तोवर जे गेलं ते गेलं. मोबाइलवर मीनाक्षीबाईंचं ते पोहण्याचं गाणं मात्र हमखास सापडतं. आवाज जरा खरखरेल, चित्रावर पावसासारख्या रेघा दिसतील. तुमच्या घरात ऐंशी-नव्वदीची आजी असेल आणि तिनं लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा बघितला असेल, तर तिला शेजारी बसवा. पुरुष पडद्याच्या एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला, मधूनच रीळ तुटायची, अंधारात शिट्ट्या... या गोष्टी तिच्याकडून ऐकाल तर सिनेमापेक्षा तेच जास्त रंगेल.

आणि अजून एक गाणं शोधा. १९६१ चा 'हम दोनों', देव आनंदचा. त्यात एक भजन आहे, देवळात बसून गायलेलं, लढाईवर गेलेल्यांसाठी. पडद्यावर पांढऱ्या साडीत नंदा आहे आणि आवाज लताबाईंचा आहे.